एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा

तुर्भ्याला, कांद्याच्या ट्रकांच्या रांगेमागं
कुंजुमोनचं दुकान. शटर अर्धं वर,
दाराशी पंक्चर शोधायचं काळं पाणी.
माझी अठ्ठ्याण्णवची एस्टीम जॅकवर,
एक पाय उचलून उभी,
नाल ठोकून घ्यायला आणलेल्या घोडीसारखी.

निनादनं पंधरा इंची अलॉय आणलेत
खारघरच्या कुणा मुलाकडून,
ज्याचं लग्न ठरलं आणि हौस विकावी लागली.
"आत्या, तेरा इंच म्हणजे बाबागाडी गं."
मी काही बोलत नाही. पर्समधून
स्टीलची पट्टी काढते.
रबाळ्याच्या कारखान्यात एकवीस वर्षं
माझ्याहून जास्त तीच बोलली.

जुन्या बिलाच्या पाठीवर मांडते:
एकशे पंच्याहत्तरचे सत्तर टक्के,
दोनदा, वर आणि खाली,
मध्ये लोखंडाचे तेरा इंच.
पाचशे पंच्याहत्तर मिलिमीटर.
इतकी वर्षं एवढ्याच उंचीच्या चाकांवर चाललीये,
एवढ्यावरच चालेल.
लोखंड वाढलं की रबर घटतं.
बाहेरचं वर्तुळ हलायचं नाही,
आतल्यांनीच सरकून घ्यायचं.
कुठल्याही घरात जाऊन बघा.

कुंजुमोन म्हणतो,
"पंच्याण्णव-साठ आहे ना तयार.
सगळे तोच नेतात, ताई. स्वस्त पण पडेल."
मांडते. सहाशे पंधरा.
म्हणजे काटा साठ म्हणेल
आणि मी चौसष्टनं जात असेन.
"चारनं काय होतंय?" निनाद.

हे वाक्य मी ओळखते.
महिनाअखेरीला तपासणीच्या टेबलाशी यायचं,
सेंट मारून, हसत,
आणि नापासच्या खोक्यातला माल
हळूच पासच्या खोक्यात सरकवू बघायचं.

"पन्नासचा मागव."
"चार दिवस लागतील."
"लागू देत."
पन्नासचा मांडून ठेवलाय मी: पाचशे शहात्तर.
एक मिलिमीटर.
एवढं मी तेव्हाही सोडून द्यायचे.

टायर आले, तसे आधी बाजूचे चार आकडे वाचले,
कुठल्या वर्षी, कितव्या आठवड्यात जन्मले.
मग भार: ब्याऐंशी, जुन्याइतकाच.
कुंजुमोन हसला,
"मुलगी बघायला आल्यासारखं बघता तुम्ही."
म्हटलं, ते कुठं इतकं नीट बघतात?

पाम बीचला यू-टर्न घेतला,
स्टेअरिंग पुरतं वळवून, काच खाली, कान बाहेर.
काही नाही. निनाद सीटवर बसल्याबसल्या नाचला.
मी गाडी सरळ मार्केटात नेली
आणि मागं कांद्याची तीन पोती टाकायला लावली.
"आत्या, कांदे कशाला?"
"दिवाळीत तुझ्या तिन्ही मावश्या मागं बसतील तेव्हा विचार."
पहिल्याच गतिरोधकाला
मागच्या उजव्या कमानीत: खर्र.

संध्याकाळी सोसायटीच्या आवारात
निनादची शाळेतली बॅट
चाक आणि पत्रा यांच्यामध्ये घातली,
गाडी ढकलली वीतभर पुढं, वीतभर मागं.
कड आत दुमडली. रंगाला बारीकसा तडा गेला.
तो मी मोजला नाही.

आता सानपाड्याच्या भुयारी रस्त्यातला
एकेक सांधा थेट कंबरेत येतो.
तेराच्या चाकाला रबराची इंचभर उंची जास्त होती,
आत नुसती हवा.
इतकी वर्षं सगळे दणके ती खात होती,
कधी कुरकुरली नाही.
मी तिला सस्पेन्शन समजत होते.

निनाद चाकांचे फोटो काढतोय.
दीडशे किलो कांदा जिन्यात पडलाय,
दुसऱ्या मजल्यावरच्या केणेबाईंनी
दोनदा बेल मारून विचारलं,
कुणाचं लग्न आहे का.